शिवजन्मतिथीचें कूट : उलगडा आणि उपपत्ति

(१)

जुन्नरच्या पेठेंतून पश्चिमेकडे मान वळविली कीं शिवनेरी दिसतो. त्या किल्ल्यावर कोणाचा जन्म झाला हें विचारण्यास या तालुक्यांत कोणी कोणाकडे जात नाहीं. तो केव्हां झाला, हा प्रश्न मात्र दर वर्षीं फेब्रुवारी उजाडला कीं आम्हांस विचारण्यांत येतो. शाळेंतून निवृत्त होऊन कांहीं वर्षें लोटलीं, तरी संस्कृत शिकविणारा एक म्हातारा गांवांत आहे ही समजूत कायम असल्यामुळें ओतूर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव अशा ठिकाणांहून शिक्षक व विद्यार्थी येतात आणि कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांतील जन्मतिथीच्या श्लोकांचा अर्थ विचारतात. उत्तर त्यांस आधींच ठाऊक असतें : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. तें उत्तर श्लोकांतून कसें निघतें, आणि निघालेलें उत्तर खरें कशावरून, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आपण होऊन सांगूं लागलें तर पाहुणे घड्याळाकडे पाहूं लागतात.

प्रस्तुत लेख त्या दोन प्रश्नांसाठीं आहे. कूटाचा उलगडा करणें हें एक काम आणि त्याची उपपत्ति सांगणें हें दुसरें. उलगड्यांत उत्तर हातीं येतें. उपपत्तींत प्रत्येक शब्दानें त्या उत्तरासाठीं काय काम केलें याचा हिशेब द्यावा लागतो. उपपत्तीवांचूनचें उत्तर बरोबर असलें तरी ऐकीव राहतें, आणि ऐकीव उत्तर वादाच्या पहिल्या धक्क्यासच पडतें. शिवजन्मतिथीविषयीं जो गोंधळ आजहि लोकांत दिसतो तो बव्हंशीं उपपत्तीच्या अभावीं झाला आहे, असें आमचें मत आहे.

(२)

कूट म्हटलें कीं लोकांस विरंगुळा आठवतो. संस्कृत शास्त्रकारांनीं त्याकडे इतक्या हलकेपणानें पाहिलें नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना केली. दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत पूर्वाचार्यांच्या मतानुसार प्रहेलिकेचे सोळा प्रकार दिले, आणि त्यांखेरीज चौदा दुष्ट प्रहेलिका मानल्या जातात असें नमूद केलें. दुष्ट प्रहेलिका वेगळ्या काढल्या यांतच शास्त्राची दृष्टि दिसते. कूट अवघड असणें हा दोष नव्हे. तें वाचकावर अन्याय करणारें असणें हा दोष. दंडीच्या सोळा प्रकारांपैकीं तीन आम्हांस पुढें उपयोगीं पडणार आहेत. संधीमुळें दोन पदांची शिवण दिसेनाशी होते ती समागता. दुसऱ्या अर्थानें रूढ असलेला शब्द घालून वाचकास चकविलें जातें ती वंचिता. आणि जींत मोजणीनेंच बुद्धीचा गोंधळ उडतो ती संख्याता. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें प्रहेलिका रसास आड येते म्हणून तिला अलंकारांच्या पंक्तींत बसूं दिलें नाहीं. रसाच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें योग्य असेल. संशोधकास रसाआधीं साल हवें असतें.

हाच विचार पाश्चात्य देशांत निराळ्या वाटेनें झाला. चौकटींत भरावयाचें शब्दकोडें २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रांत आर्थर विन यानें प्रसिद्ध केलें. १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत एडवर्ड पॉइस मॅदर्स हा टॉर्केमाडा या टोपणनांवानें गूढ सूचनांचीं कोडीं रचूं लागला. त्याच्यामागून त्या जागीं आलेल्या मॅकनट यानें, झिमेनीझ या टोपणनांवानें, १९६६ सालीं ग्रंथच लिहून नियम घालून दिला. चांगल्या सूचनेंत उत्तराचा नेमका अर्थ असावा, शब्दांच्या घडणीवरूनहि तेंच उत्तर न्याय्य रीतीनें निघावें, आणि तिसरें कांहींहि तेथें नसावें, असा तो नियम. आमच्या वृत्तपत्रांतील शब्दकोडीं बहुधा सरळ अर्थाचीं असल्यामुळें हा नियम आमच्या वाचकांस फारसा परिचित नाहीं. परंतु दंडीची दुष्ट प्रहेलिका आणि झिमेनीझची अन्याय्य सूचना यांत जातीचा फरक नाहीं.

चौकटीच्या कोड्यांत आणखी एक सोय असते. आडव्या उत्तराचें अक्षर उभ्या उत्तरांतहि बसावें लागतें. दोन निराळ्या सूचनांवरून आलेलीं उत्तरें एका घरांत जुळलीं म्हणजे दोहोंवरचा विश्वास वाढतो. यास आम्ही ‘मेळ’ असें म्हणूं. इतिहासाचीं कूटें सोडवितांना हा मेळ दोन प्रकारचा असतो, आंतला आणि बाहेरचा. आणि या दोहोंची गल्लत हाच आमच्या टीकेचा मुख्य विषय आहे.

(३)

वाचणें आणि उपपत्ति लावणें यांतील अंतर समजण्यास आमच्या या दोन तालुक्यांइतकें सोयीचें ठिकाण नाहीं. जुन्नर तालुक्यांत नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांच्या संख्या त्यांत अंकचिन्हांनीं कोरलेल्या आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ च्या सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत या अंकांचा उलगडा केला. तेथें दहा, शंभर, हजार यांस स्वतंत्र चिन्हें आहेत. हजाराच्या चिन्हास चाराचें चिन्ह जोडलें कीं चार हजार होतात. अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरत नाहीं आणि शून्याचें चिन्ह नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें ज्या शब्दांकांचा विचार करावयाचा आहे ते स्थानमूल्य रुळल्यावांचून संभवतच नाहींत.

नाणेघाटाहून गांवाकडे आलें म्हणजे मानमोडीच्या डोंगरांतील लेणें लागतें. तेथें महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याच्या दानाचा लेख आहे आणि त्यांत वर्ष ४६ दिलें आहे. आंकडा स्पष्ट आहे; चाळिसाचें चिन्ह आणि सहाचें चिन्ह यांविषयीं वाद नाहीं. परंतु सेहेचाळीस कशाचे? शककाल मानला तर इ. स. १२४ च्या आसपास येतें. तीं नहपानाचीं स्वतःचीं राज्यवर्षें मानलीं तर हिशेब बदलतो, आणि पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत नहपानाचेंच नांव आलें आहे असें मानणारे विद्वान् त्यास पहिल्या शतकाकडे ओढतात. नाशिकच्या लेण्यांतील ४१, ४२ व ४५ या वर्षांचीहि हीच गति. येथें उलगडा पूर्ण आहे आणि उपपत्ति अपुरी आहे.

तिसरें उदाहरण याहून सोपें. घोडेगांवावरून भीमाशंकरास जाणारा यात्रेकरू देवळापाशीं टांगलेली मोठी घंटा पाहतो. तीवर १७२९ हा आंकडा आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंतून ती आली ही परंपरा तो ऐकतो, आणि दोन्ही जोडून वसई १७२९ सालीं पडली असें घरीं जाऊन सांगतो. वसई पडली १७३९ च्या मे महिन्यांत. आंकडा खरा, परंपराहि विश्वसनीय. मात्र आंकडा घंटा ओतल्याचा आहे, ती देवास वाहिल्याचा नव्हे. आंकड्यापुढें ‘कशाचा’ हा प्रश्न न विचारल्यामुळें दहा वर्षें चुकतात.

(४)

आतां शिवभारताकडे वळूं. हा ग्रंथ परमानंदानें शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचिला. त्याची प्रत सदाशिव महादेव दिवेकर यांस तंजावर येथें मिळाली आणि भारत इतिहास संशोधक मंडळानें ती १९२७ सालीं प्रसिद्ध केली. सहाव्या अध्यायांत महाराजांच्या जन्माचा काळ सांगतांना कवीनें शालिवाहन शकाचें वर्ष आंकड्यांनीं न देता चार शब्दांच्या समासानें दिलें आहे. ते चार शब्द असे : भू, बाण, प्राण, चंद्र. पुढें शुक्ल नांवाचा संवत्सर, उत्तरायण, शिशिर ऋतु, फाल्गुन मास, कृष्ण पक्ष, तृतीया आणि रात्रीची वेळ, असा तपशील येतो.

शब्दांनीं अंक सांगण्याच्या या रीतीस भूतसंख्या म्हणतात. जगांत जी वस्तु जितकी प्रसिद्ध, तितका तिचा अंक. पृथ्वी व चंद्र एक, नेत्र व पक्ष दोन, अग्नि व गुण तीन, वेद चार, बाण पांच, ऋतु सहा, स्वर व पर्वत सात, वसु आठ, नंद व ग्रह नऊ, आकाश म्हणजे शून्य. प्रथम एकं स्थानचा शब्द, मग दहंचा, मग शतंचा, असा क्रम असल्यामुळें अंक मांडतांना उजवीकडून डावीकडे जावें लागतें. या रीतीचें प्रयोजन वाचकास छळणें हें नव्हे. आंकडा उतरून घेतांना लेखणीचा एक फाटा चुकला तर तीनाचे सहा किंवा एकाचे नऊ होतात आणि चूक कोणास कळत नाहीं. शब्द बदलला तर वृत्त अडखळतें किंवा अर्थ बिघडतो. अर्थात् हें कूट म्हणजे पेटीला लावलेलें कुलूप आहे, आणि किल्ली ज्योतिष शिकलेल्या प्रत्येकापाशीं आहे.

समासाचा पदच्छेद केला कीं समागतेची शिवण उसवली. भू एक, बाण पांच, प्राण पांच, चंद्र एक. उजवीकडून मांडिले असतां १५५१.

येथें आमची एक चूक कबूल केली पाहिजे. अंकांच्या वाम गतीचा नियम शिकवितांना आम्ही वर्षानुवर्षें हाच समास उदाहरण म्हणून फळ्यावर लिहीत असूं. एके वर्षीं नववीच्या वर्गांतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, सरळ वाचलं तरी १५५१ आणि उलट वाचलं तरी १५५१. मग नियम खरा कशावरून?” तास संपत आला होता. आम्हीं तिला “खाली बस” असें सांगितलें. घरीं आल्यावर ध्यानांत आलें कीं मुलीचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें. या संख्येवरून वाम गतीचा नियम सिद्धहि होत नाहीं आणि असिद्धहि होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें सांगावयास हवें होतें; तें आम्हीं केलें नाहीं.

तिच्या प्रश्नाचें उत्तर असें. नियम शिकवावयाचा तर दोन्ही बाजूंनीं सारखा न वाचला जाणारा आंकडा घ्यावा. नंद, वेद, बाण, चंद्र असे शब्द घेतले तर वाम गतीनें १५४९ येतात आणि सरळ वाचल्यास ९४५१, म्हणजे अद्याप न उजाडलेला शक. तेथें नियमावांचून गति नाहीं. परमानंदाच्या समासाला नियमाची गरजच पडत नाहीं. त्यामुळें दिशेविषयीं शंका काढून शिवजन्माचा शक कोणासहि हलवितां येणार नाहीं. एका बाजूनें आमचा धडा लंगडा पडला, दुसऱ्या बाजूनें उत्तर अधिक भक्कम झालें.

आतां एकेक शब्द पाहूं. बाण व चंद्र यांविषयीं वाद संभवत नाहीं. भू हा शब्द भुवन या शब्दाशीं मिसळूं नये. भुवनें तीन किंवा चौदा, भू एकच. ज्योतिषग्रंथांत समुद्र चार असतां पुराणांच्या भरवशावर सात मानणें, किंवा सहा रस असतां काव्यशास्त्राचे नऊ घेणें, याच जातीच्या चुका आहेत. उरला प्राण. प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पांच. परंतु योगग्रंथांत नाग, कूर्म इत्यादि पांच उपप्राण मिळवून दहा सांगतात, मग येथें दहा कां घेऊं नयेत, असें कोणी विचारूं शकेल. घेऊन पाहावें. एका स्थानावर दहा बसविले तर संख्या ११०५१ होते. शालिवाहन शकाचें अकरा हजारावें वर्ष जिजाबाईंच्या काळीं येत नाहीं. म्हणून पांच.

यानंतर खरी वंचिता येते. कवि प्रथम शुक्ल म्हणतो आणि पुढें कृष्ण पक्ष म्हणतो. शुक्ल हा शब्द पक्षाच्या अर्थानें इतका रूढ आहे कीं घाईचा वाचक कवीनें स्वतःचेंच म्हणणें खोडून काढलें असें समजतो. तो शुक्ल पक्ष नव्हे. साठ संवत्सरांतील तिसरा संवत्सर होय. पडताळा सोपा आहे. शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १५५१ मध्यें १२ मिळविले म्हणजे १५६३. बाकी ३, अर्थात् शुक्ल. भू हा शब्द तीन मानून शके १५५३ धरला तर बाकी ५ राहून प्रजापति येतो. जुन्या समजुतीचा १५४९ धरला तर बाकी १, म्हणजे प्रभव. कवीचा शुक्ल संवत्सर १५५१ खेरीज आसपासच्या कोणत्याहि वर्षीं बसत नाहीं.

(५)

येथपर्यंत उलगडा झाला. आतां या कूटावर टीकाकार या नात्यानें दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी कीं श्लोकांतील सर्वच शब्द पुरावा म्हणून मोजूं नयेत. फाल्गुन म्हटल्यावर शिशिर ऋतु आलाच, आणि शिशिर म्हटल्यावर उत्तरायण आलेंच. हे तीन शब्द म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदारानें तीनदां दिलेली साक्ष आहे. झिमेनीझच्या कडक नियमानें पाहिलें तर ते दोन शब्द अधिकच ठरतील. कवीस हा दोष लागत नाहीं, कारण तो कोडें घालीत नसून जन्माचें वर्णन करीत आहे, आणि शुभ काळाचें वर्णन विस्तारानें करणें हा महाकाव्याचा शिष्टाचार आहे. दोष लागतो तो ‘पाहा, पांच पांच गोष्टी जुळतात’ असें म्हणणाऱ्या आमच्यासारख्या व्याख्यात्यांस.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शुक्ल संवत्सर आणि १५५१ यांचा जो मेळ आम्हीं वर दाखविला तो आंतला मेळ आहे. त्यावरून परमानंदास १५५१ हेंच वर्ष सांगावयाचें होतें, आणि लेखकांच्या हातून तें बिघडलें नाहीं, हें सिद्ध होतें. १५४९ चें १५५१ करावयास दोन शब्द, संवत्सर, मास, पक्ष आणि तिथि इतक्या जागीं वृत्त सांभाळून बदल करावे लागतील. तें कोणाच्या अनवधानानें होणारें नाहीं. परंतु परमानंदाचें सांगणें खरें आहे हें या मेळावरून सिद्ध होत नाहीं. चुकीचें वर्ष धरूनहि त्याचा संवत्सर अचूक काढतां येतो. आंतला मेळ वाचनाची खात्री देतो, घटनेची देत नाहीं. ही सीमारेषा न ओळखतां श्लोक म्हणून दाखविणें व वाद संपला असें जाहीर करणें हें संशोधन नव्हे.

आमच्या मोडी दप्तरांतहि याच जातीचें कूट रोज भेटतें, आणि तेथें आंतल्या मेळाची निकड अधिक असते. शुहूर सनाचें वर्ष अरबी शब्दांनीं लिहीत. सलास तीन, आर्बा चार, खमस पांच. अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस. मया शंभर, अलफ हजार. क्रम येथेंहि एकंपासून चढता आहे. मात्र ही स्थानाची रीत नसून बेरजेची आहे, म्हणून क्रम उलटला तरी बेरीज बदलत नाहीं. धोका दुसरीकडे आहे. ‘सलास अशरीन मया व अलफ’ म्हणजे ११२३. त्यांत ५९९ मिळविले कीं इ. स. १७२२-२३. कागदाच्या घडीवर शेवटचा ‘ईन’ झिजला आणि अशर तेवढा उरला तर १११३, म्हणजे १७१२-१३. एका अक्षरांत दहा वर्षें गेलीं. म्हणून अनुभवी वाचक केवळ सनावर थांबत नाहीं. चंद्र, महिना, पत्रांतील माणसें आणि प्रसंग यांच्याशीं तो सन ताडून पाहतो. जी सावधगिरी आम्ही एखाद्या पाटलाच्या कतब्यास लावतों, ती शिवजन्माच्या श्लोकास लावण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं, हें आश्चर्य आहे.

(६)

मग बाहेरचा मेळ कोठें मिळतो? तो कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांतून आलेल्या शकावलींत मिळतो. लोकमान्य टिळकांनीं ती १९१६ सालीं मंडळाच्या द्वारें प्रसिद्धीस आणिली. तींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असा शिवजन्माचा दाखला शिवनेरीच्या नांवासह आहे. शिवभारत छापून निघालें त्याच्या अकरा वर्षें आधीं हा दाखला लोकांपुढें आला होता. शकावली साधी, गद्य, टिपणवजा. काव्याचा तींत लेशहि नाहीं. शिवाय परमानंदानें जन्मवार सांगितलेला नाहीं, तो शकावलींत आहे. अधिक माहिती देणारा दाखला केवळ श्लोकावरून उतरलेला असूं शकत नाहीं.

त्या अधिक माहितीचाहि पडताळा पाहावा. फाल्गुन वद्य तृतीया महाराष्ट्राच्या अमान्त रीतीनें घेतली तर जुन्या यूरोपीय पंचांगाची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते, आणि त्या दिवशीं शुक्रवारच पडतो. उत्तरेकडील पूर्णिमान्त रीतीनें घेतली तर तीच तिथि महिनाभर आधीं, जानेवारीच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेस जाते. तेव्हां बुधवार किंवा गुरुवार येतो. नक्षत्रहि हेंच सांगतें. फाल्गुनाची पौर्णिमा फल्गुनी नक्षत्रांच्या आसपास होते, त्यामुळें पुढील तृतीयेस चंद्र हस्ताशीं येणें स्वाभाविक आहे. महिनाभर आधींची पौर्णिमा मघांच्या आसपास असल्यामुळें त्या तृतीयेस चंद्र फल्गुनींतच रेंगाळेल. म्हणजे शकावलीचा वार आणि नक्षत्र हे दोन्ही, कवीनें न सांगितलेल्या मार्गानें येऊन, कवीच्या तिथीस मिळतात. चौकटीच्या कोड्यांतील उभें उत्तर तें हेंच. येथें मात्र ‘जुळलें’ हा शब्द आम्ही मोकळ्या मनानें वापरतों.

शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथि उत्तरकालीन बखरींच्या आधारें पुष्कळ काळ मान्य होती. तीवरून १६२७ साल शाळांच्या पुस्तकांत होतें आणि आमच्या पिढीनें तें पाठहि केलें. तिचे पुरस्कर्ते अप्रामाणिक होते असें मुळींच नाहीं. त्यांच्या हातीं तेव्हां जें साधन होतें त्यावर ते विसंबले. पुढें महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

(७)

आतां लोकव्यवहाराकडे येऊं, कारण शिवनेरीच्या पायथ्याशीं राहणाऱ्यास त्यापासून सुटका नाहीं. दर वर्षीं १९ फेब्रुवारीस गडावर शासकीय सोहळा होतो. फाल्गुन वद्य तृतीयेस तिथीप्रमाणें उत्सव करणारे लोकहि गड चढतात. पाहणारा म्हणतो, इतिहासकारांचें अजून एकमत नाहीं. हें खरें नव्हे. तारीख आणि तिथि हीं दोन मतें नसून एकाच उत्तराचीं दोन पंचांगांतील नांवें आहेत. मतभेद होता तो १५४९ आणि १५५१ या शकांचा. नव्या यूरोपीय पंचांगानें मोजलें तर तोच दिवस १ मार्च १६३० होतो; म्हणून उद्यां कोणी तिसरा उत्सव काढला तरी तो चौथ्या मताचा ठरणार नाहीं. शिवाय शकांत ७८ मिळवून इसवी सन काढण्याचा शाळेंतील ढोबळ नियम येथें फसवितो. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. तोंवर यूरोपीय वर्ष बदललेलें असतें, म्हणून ७९ मिळवावे लागतात. ७८ मिळवून १६२९ लिहिणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आणि त्यांचे गुणहि कापले. चूक त्यांची कमी आणि नियम अर्धा सांगणाऱ्या आमची अधिक होती.

या सर्वांवरून शिक्षकबंधूंस आमची एवढीच सूचना आहे. शिवजन्माचा श्लोक शिकवितांना उत्तर सर्वांत शेवटीं सांगावें. आधीं प्रत्येक शब्दाची किंमत मुलांकडून काढून घ्यावी. कोणता शब्द काम करतो आणि कोणता केवळ शोभेचा हें त्यांस ठरवूं द्यावें. संवत्सराचा भागाकार त्यांच्याच वहींत करवून घ्यावा. आणि मग, इतकें करूनहि कवि चुकला नसेल कशावरून, हा प्रश्न शिक्षकानें स्वतः विचारावा. त्यानंतर जेधे शकावली पुढें ठेवावी. या क्रमानें गेलेला विद्यार्थी पुढें मानमोडीच्या ४६ पुढें उभा राहिला तर ‘कशाचे?’ असें आपण होऊन विचारील, आणि भीमाशंकरची घंटा पाहून वसईचें साल चुकणार नाहीं.

आमचें ज्योतिषाचें ज्ञान शाळामास्तरास पुरेल इतकेंच आहे. वरील पडताळ्यांत कोठें गफलत झाली असल्यास जाणत्यांनीं ती दाखवावी. आम्ही तिचा स्वीकार करूं. आणि नववीच्या वर्गांतील ती मुलगी, जी आतां मोठी झाली असेल, तिच्या दृष्टीस हा लेख पडला तर तिनें इतकें समजावें कीं तिचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचें उत्तर वर्गांतच द्यावयास हवें होतें.